किमो चालू असताना घरी पिक लाइनचं ड्रेसिंग: नाशिकमधल्या दोन नर्सिंग सेवांचा अनुभव

आईची किमो मे महिन्यात सुरू झाली आणि नोव्हेंबरात संपली, त्या सहा महिन्यांत घरी ड्रेसिंगला येणाऱ्या दोन नर्सिंग सेवा आम्ही वापरल्या, पहिली पाच आठवडे आणि दुसरी शेवटपर्यंत. दोघांचीही नावं लिहीत नाहीये. पहिल्यांशी मला आता भांडायचं नाही आणि दुसऱ्यांकडे मोजून चार सिस्टर आहेत, त्यांना आहेत तेच पेशंट पुरेसे झालेत. पण घरी येणारा माणूस चांगला की वाईट हे कशावरून ओळखायचं ते मला मे महिन्यात कुणी सांगितलं असतं तर खूप बरं झालं असतं, म्हणून जे जे बघितलं ते सगळं लिहितोय, लांबलचक होणार आहे.

आई ६१ वर्षांची. उजव्या स्तनाचं ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं, बगलेतल्या गाठीही काढल्या. नंतर किमो, आधी दर २१ दिवसांनी असे चार डोस, ज्यात ते लाल रंगाचं औषध असतं, आणि मग दर आठवड्याला एक असे बारा. लाल औषध शिरेबाहेर सांडलं तर आजूबाजूचं मांस जळतं, आणि ऑपरेशनच्या बाजूचा हात सुयांसाठी वापरायचा नाही असं सांगितलेलं, म्हणून डाव्या दंडात पिक लाइन बसवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही एक लांब बारीक नळी असते, दंडातून आत जाते आणि तिचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं, बाहेर फक्त थोडी शेपटी आणि एक कनेक्टर दिसतो. वरून पारदर्शक फिल्म चिकटवतात. ती फिल्म दर सात दिवसांनी बदलायची, मधेच ओली झाली किंवा कड सुटली तर त्याच दिवशी, आणि आत गॉज ठेवलं असेल तर दोन दिवसांत.

आता दर आठवड्याला फक्त ड्रेसिंगसाठी इंदिरानगरहून हॉस्पिटलला जायचं म्हणजे रिक्षा, मग ओपीडीत दीड-दोन तास, शेजारी कोणीतरी खोकतंय, आईला धड बसवत नाही. म्हणून घरी येणारी सेवा शोधली.

पहिली जी सापडली ती दिसायला एकदम व्यवस्थित होती. ॲपवर बुकिंग, व्हिजिटचे ६०० रुपये, वेळेवर माणूस हजर, छान युनिफॉर्म, गळ्यात आयकार्ड, चाकांची बॅग. पहिल्या व्हिजिटला तर मी खूश होऊन पाच स्टार पण देऊन टाकले. मला कळत तरी काय होतं तेव्हा.

आता आठवून लिहितो काय काय व्हायचं. आलेला मुलगा हात न धुता ग्लोव्ह्ज घालायचा, ते पण खिशातून काढलेले, आणि ते घातलेल्या हातानेच फॅनचं बटण दाबायचा, मोबाइलवर ओटीपी टाकायचा आणि त्याच हातानं फिल्म काढायला बसायचा. फिल्म वरून खाली ओढून काढायचा, म्हणजे नळीसकट बाहेर यायची भीती, खरं तर खालून वर, भोकाच्या दिशेने सोडवत न्यायची असते. स्पिरिटचा बोळा दोनदा फिरवला की लगेच ओल्यावरच नवी फिल्म. नळी फ्लश करायला, म्हणजे आतून धुवायला, दोन एमएलची सिरिंज. सिरिंज जितकी बारीक तितका तिचा जोर जास्त, नळी फाटू शकते, म्हणून दहा एमएलचीच वापरायची असते, हे मला नंतर कळलं. आणि वापरलेली सुई आमच्या किचनच्या डस्टबिनमध्ये. ती मी स्वतः चिमट्यानं काढून डब्यात बंद केली, कारण सकाळी घंटागाडीवरच्या बायका तो कचरा हातानं वेगळा करतात.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पाच व्हिजिटमध्ये पाच वेगवेगळी माणसं आली. मागच्या आठवड्यात ते भोक कसं दिसत होतं हे येणाऱ्याला माहीतच नसायचं, कुठे लिहिलेलं नसायचं. चौथ्या व्हिजिटला फिल्मखाली थोडं लालसर दिसलं तर म्हणाला प्लास्टरची ॲलर्जी आहे, आणि मेडिकलमध्ये मिळतं ते तीन-चार औषधं एकत्र असलेलं क्रीम लावून दिलं. त्यात स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडनं लाली दबते, आणि आमच्याकडे तर लाली हीच एकमेव खूण होती.

दुसऱ्या डोसनंतरचा नववा दिवस. संध्याकाळी आई म्हणाली अंग मोडून आल्यासारखं वाटतंय. ताप बघितला तर ९९.८, तासाभरानं १००.६. दंडावर फिल्मखाली रुपयाच्या नाण्याएवढी लाली, हात लावला की ठणका. बाकी काही नाही, सूज नाही, पू नाही. मी ब्युरोला, म्हणजे त्या पहिल्या नर्सिंग सेवेला, फोन केला तर तिकडून विचारलं, पस येतोय का? नाही म्हटलं. मग इन्फेक्शन नाहीये सर, पॅरासिटामॉल द्या, उद्या माणूस पाठवतो.

नशीब की बायकोनं तेवढ्यात डिस्चार्जच्या कागदावरचा नंबर फिरवला. डॉक्टरांनी एवढंच विचारलं की किमोचा कितवा दिवस आणि ताप किती, आणि म्हणाले पॅरासिटामॉल देऊ नका, आहे तशा निघा. कॅज्युअल्टीत पोचल्यावर जी धावपळ झाली ती बघून माझे पाय गळाले. रक्त दोन ठिकाणून घेतलं, एक नळीतून आणि एक हातातून, आणि रिपोर्टची वाट न बघता तासाच्या आत ॲन्टिबायोटिक चालू. न्युट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ३०० आले. साधारण १५०० च्या खाली गेले की कमी धरतात आणि ५०० च्या खाली म्हणजे अंगात जंतूंशी लढायला जवळजवळ कोणीच नाही.

दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टरांना मी विचारलं की पू नव्हता तरी इन्फेक्शन कसं. ते जे बोलले ते मी आता भेटेल त्याला सांगतो. पू म्हणजे काय, तर जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा ढीग. आईच्या अंगात त्या पेशीच नाहीत तर पू कुठून येणार? सूज, लाली, गरमपणा हे पण बरंचसं त्याच पेशींचं काम. त्यामुळे किमोवाल्या माणसाच्या कातडीवर इन्फेक्शन झालं तर ते निम्मंच दिसतं किंवा दिसतच नाही, पहिली खूण म्हणून फक्त ताप येतो नाहीतर नुसतं दुखतं. आपण लहानपणापासून पिकलं की मग डॉक्टर या हिशोबानं चालतो, इथे तो हिशोबच लागू नाही. आणि ब्युरोवाल्याला हे माहीत नसावं याचा मला अजून त्रास होतो.

नळीतल्या रक्तात आणि हातातल्या रक्तात दोन्हीकडे जंतू वाढले, स्टॅफिलोकोकस ऑरियस. नळीतलं रक्त हातातल्यापेक्षा दोन तासांहून आधी पॉझिटिव्ह झालं, त्यावरून जंतूंचा मुक्काम नळीतच आहे असं धरतात, मग नळी काढून टाकली, पुढच्या डोसांसाठी डाव्याच हातात नंतर नवी बसवली. हा जंतू काही बाहेरून आलेला राक्षस नाही, कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात आणि कातडीवर तो गपचूप राहत असतो, भोक मिळालं आणि अडवायला कोणी नसलं की आत जातो. रक्तात गेला की हृदयाच्या झडपांवर बसू शकतो म्हणून टूडी एको पण केली, सुदैवानं नॉर्मल आली. आठ दिवस ॲडमिट, आणि इंजेक्शनं एकूण १४ दिवस, शेवटचे दिवस रोज डे केअरला, म्हणजे ॲडमिट न होता औषध देतात त्या विभागात, जाऊन. तिसरा डोस लांबला, आईचा धीर त्यापेक्षा जास्त खचला, ती म्हणायला लागली की नकोच आता पुढचं काही.

हे त्या ब्युरोमुळेच झालं असं मी सिद्ध करू शकत नाही, नीट काळजी घेऊनही नळीचं इन्फेक्शन होऊ शकतं हे मला डॉक्टरांनीच सांगितलं. पण हात न धुणं, ओल्यावर फिल्म चिकटवणं आणि पू नाही म्हणून घरी बसा सांगणं, या तीन गोष्टींना माझ्याकडे माफी नाही. तक्रार केली तर पुढच्या दोन व्हिजिट फ्री देतो म्हणाले. नको म्हटलं.

आता दुसऱ्यांबद्दल. डे केअरच्या सिस्टरांनी एका कागदावर नंबर लिहून दिला. वॉर्डात तीसेक वर्षं काढून रिटायर झालेल्या एक बाई आणि त्यांनी तयार केलेल्या तीन सिस्टर, एवढाच कारभार. ॲप नाही, वेबसाइट नाही. फोनवर त्यांनीच मला पंधरा मिनिटं प्रश्न विचारले. कुठला कॅन्सर, कुठली औषधं, कितवा डोस, कुठल्या बाजूचं ऑपरेशन, शुगर आहे का, घरात कुत्रा-मांजर आहे का, आधी कुठलं इन्फेक्शन, त्याचा कल्चर रिपोर्ट पाठवा. व्हिजिटचे ९०० रुपये सांगितले. मी मनात म्हटलं महाग आहे, पण त्या प्रश्नांनीच हो म्हणायला लावलं.

आमच्याकडे शेवटपर्यंत एकच सिस्टर आल्या, सुरगाण्याकडच्या, चाळिशीच्या. पहिल्या दिवशी पन्नास मिनिटं लागली त्यांना. आल्या आल्या चप्पल बाहेर, बांगड्या-घड्याळ काढून पर्समध्ये, बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले, स्वतःचा साबण, स्वतःचे टिश्यू, आमचा टॉवेल नको म्हणाल्या. टेबल पुसून घेतलं. फॅन बंद. स्वतःला मास्क, आईला मास्क, आणि आईला तोंड उजवीकडे फिरवून बसायला सांगितलं. साध्या ग्लोव्ह्जनं जुनी फिल्म खालून वर हळूहळू सोडवली, ते ग्लोव्ह्ज टाकून परत हात, आणि मग सीलबंद पाकिटातले निर्जंतुक ग्लोव्ह्ज. क्लोरहेक्सिडिन आणि स्पिरिटचं औषध असतं, दोन टक्क्यांचं, त्यानं तीस सेकंद घासून पुसलं आणि नंतर त्या चक्क काही न करता बसून राहिल्या. मला वाटलं काहीतरी विसरल्या. तर म्हणाल्या, दादा, हे वाळू द्यायचं असतं, वाळेपर्यंत ते काम करत असतं, फुंकर मारायची नाही, कापसानं टिपायचं नाही. कनेक्टर पंधरा सेकंद घासायच्या, ओठातल्या ओठात आकडे मोजत. दहा एमएलची सिरिंज, थोडं ढकल-थांब, थोडं ढकल-थांब असं फ्लश, त्यानं आत भोवरे होऊन नळी धुतली जाते. बाहेर राहिलेली नळी किती सेंटिमीटर ते पट्टीनं मोजून डायरीत लिहायच्या, म्हणजे ती सरकली तर लगेच कळेल, दंडाचा घेर पण मोजायच्या, आत गुठळी झाली तर हात सुजतो म्हणून. बाजूला पट्टी ठेवून फोटो, दर आठवड्याला त्याच उजेडात, त्याच खिडकीजवळ. सुया त्यांच्या पांढऱ्या जाड डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सगळं परत घेऊन जायच्या.

आणि मग मला वाटलं झालं, तर म्हणाल्या मावशी आता जरा सगळं अंग बघू या. मला बाहेर पाठवलं. बगल, ऑपरेशनच्या बाजूची घडी, जांघ, पाठ, बेंबी, पायाच्या बोटांमधल्या फटी, नखांच्या कडा, टाचांच्या भेगा, डोकं सुद्धा, केस गेल्यावर टाळूवर बारीक पुटकुळ्या येतात ना त्यासाठी. हे दर व्हिजिटला. माझ्या मते ९०० रुपयांतले निम्मे याचेच होते. ड्रेसिंग नीट करणारे शोधले तर सापडतील, पण अख्खं कातडं बघणारं कोणी मला तरी दुसरं भेटलेलं नाही.

एकदा निघताना त्यांनी मला एक गोष्ट नीट समजावून सांगितली. न्युट्रोफिल खाली असताना बगलेत, जांघेत किंवा बसायच्या जागी एखादा लाल-जांभळा ठिपका येतो, डास चावल्यासारखा, आणि बारा ते चोवीस तासांत मध्ये फोड येऊन काळा पडतो, सिगारेटनं भाजल्यासारखा. तो डास नसतो, बऱ्याचदा स्युडोमोनास नावाचा जंतू रक्तातून कातडीत उतरलेला असतो आणि तेव्हा सकाळपर्यंत थांबायला वेळ नसतो. त्यांनी वॉर्डात असे पेशंट बघितलेत, एवढंच म्हणाल्या आणि पुढे काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून किमोच्या सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत, म्हणजे पेशी सगळ्यात खाली असतात तेव्हा, बायको आईला आंघोळीच्या वेळी रोज बघायची.

तिसऱ्या आणि चौथ्या डोसनंतर पेशी वाढवायचं इंजेक्शन पण त्यांनीच घरी दिलं, किमो संपल्यावर २४ तास झाल्याशिवाय नाही, घड्याळ लावून. फ्रीजमधून अर्धा तास आधी काढून ठेवायला सांगायच्या, फ्रीजरमध्ये चुकूनही नाही. त्यानंतर न्युट्रोफिल तेवढे कधी पडले नाहीत.

घरातल्या सवयींवर मात्र त्या फार कडक होत्या, आईशी दोनदा वाजलं पण. आई कापलं-खरचटलं की हळद दाबणारी, आजीपासूनची सवय. सिस्टर म्हणाल्या मावशी भाजीत हळद टाका हवी तेवढी, उघड्या जखमेवर डब्यातली हळद नको, त्या डब्यात रोज ओले चमचे जातात. कडुलिंबाचा लेप नको, टूथपेस्ट नको, फोड फोडायचा नाही, मेडिकलवाल्याला विचारून क्रीम तर अजिबात नाही. नखं सरळ कापायची, कडेची कातडी ओढायची नाही. अनवाणी अंगणात नको, कुंड्यांची माती नको, पावसाळ्यात अर्धवट वाळलेले कपडे नकोत, इस्त्री फिरवून घाला. आंघोळीनंतर घड्या टिपून कोरड्या करायच्या, घासायच्या नाहीत, आणि मॉइश्चरायझर रोज, कारण भेग पडली की तिथून दार उघडं. साधा बिनवासाचा चालतो, महागडा कशाला. ताप बघायचा तो आधी, गोळी नंतर आणि ती पण डॉक्टरांना विचारून, १००.४ दिसला की फोन, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. हे वाक्य त्यांनी फ्रीजवर चिकटवून ठेवायला लावलं.

आणि आता जो प्रसंग सांगतो त्यासाठी खरं तर हा सगळा रिव्ह्यू. गणपतीचे दिवस, आईचे दर आठवड्याचे डोस चालू. पेशी बऱ्या होत्या, आईला जरा तरतरी आलेली, मग काय, दुर्वा निवडायला बसली, गुलाबाची फुलं आणली होती त्यांचे देठ मोडले. उजव्या हाताला काटा लागला, अंगठ्याच्या मागे, एवढासा. कोणालाच सांगितलं नाही, सणात कशाला गडबड म्हणून. तिसऱ्या दिवशी सिस्टर नेहमीच्या ड्रेसिंगला आल्या, डाव्या हाताचं काम झालं, आणि मग उजवा हात बघताना त्यांनी स्वतःच्या पालथ्या हातानं आईचा पालथा हात चाचपला, परत चाचपला, मनगट, कोपर. म्हणाल्या मावशी, हा हात त्या हातापेक्षा गरम आहे. मला बघून काहीच वेगळं वाटत नव्हतं, खरं सांगतो, थोडा गुलाबीपणा, बस. त्यांनी स्केचपेननं गुलाबीपणाच्या कडेनं रेघ मारली, रेघेवर वेळ लिहिली, सकाळचे ११.१०. पुढचा पेशंट फोन करून पुढे ढकलला आणि चहा घेत बसून राहिल्या. एक वाजता लाली रेघेच्या बाहेर दोन बोटं गेली होती.

डॉक्टरांना फोन त्यांनीच केला, फोटो पाठवला, दुपारी दोनला आम्ही हॉस्पिटलात. सेल्युलायटिस, म्हणजे कातडी आणि तिच्या खालच्या थराचं इन्फेक्शन. ताप तेव्हा कुठे चढायला लागला होता. बगलेतल्या गाठी काढल्या की त्या हातातला लसीकेचा, म्हणजे अंगातल्या पाण्यासारख्या द्रवाचा, निचरा मंदावतो, ते पाणी साचून राहतं आणि पहारेकरी पेशी तिथे वेळेवर पोचत नाहीत, म्हणून एका काट्यानं एवढं होतं, आणि एकदा झालं की निचऱ्याच्या वाटा अजून खराब होऊन परत परत व्हायची शक्यता वाढते. ही काळजी किमो संपली तरी संपत नाही, त्या हाताला आयुष्यभर जपायचं, भांडी घासताना हातमोजे, विळीऐवजी चाकू, बागेत काम नको, डास चावला तरी खाजवायचं नाही. आईचं दोन दिवस शिरेतून आणि पुढे गोळ्यांवर भागलं, एकच डोस एका आठवड्यानं पुढे गेला. जूनमध्ये नाण्याएवढ्या लालीचे आठ दिवस आणि सप्टेंबरमध्ये अख्ख्या पंजाच्या लालीचे दोन दिवस, फरक एवढाच की या वेळी कोणीतरी हात लावून बघितलं होतं.

डे केअरला आईच्या शेजारच्या खुर्चीवर एक काका असायचे, फुप्फुसाचा कॅन्सर, त्यांना किमोऐवजी रोजची टार्गेटेड गोळी, ते फक्त तपासणीला आणि हाडांच्या इंजेक्शनला यायचे. चेहऱ्यावर, छातीवर मुरमांसारखं पुरळ, पायाच्या अंगठ्याच्या नखाकडेला सुजून लाल. कोणीतरी त्यांना मुरमांचा फेसवॉश दिलेला, त्यानं चेहरा सोलवटून निघाला. डे केअरच्या सिस्टर त्यांना समजावत होत्या की ही तारुण्यपीटिका नाही, त्या गोळ्या कातडीच्या वाढीवरच परिणाम करतात आणि मग फुटलेल्या पुरळात तोच स्टॅफ, म्हणजे आईच्या नळीतला स्टॅफिलोकोकस, शिरतो, त्यासाठी डॉक्टर डॉक्सिसायक्लिनसारख्या ॲन्टिबायोटिक गोळ्या बऱ्याचदा आधीपासूनच देतात. तेव्हा नळी नसलेल्यांनी पण हे वाचावं, कातडी सगळ्यांनाच आहे.

दुसऱ्या सेवेत काय खटकलं ते पण लिहितो, नाहीतर एकतर्फी होईल. वेळ पाळली जात नाही, दहाची व्हिजिट साडेअकरा होते, कारण आधीच्या घरी पण त्या असंच बसून राहिलेल्या असणार. रविवारी आणि संध्याकाळी सातनंतर कोणी येत नाही. साधी पावती देतात, तिच्यावर मेडिक्लेमवाल्यांनी तीन वेळा क्वेरी काढली आणि शेवटी निम्मेच पैसे मंजूर केले, तेव्हा क्लेम करायचा असेल तर आधीच लेटरहेडवर बिल मागून घ्या. नाशिकरोडच्या पुढे जात नाहीत. सामान, म्हणजे फिल्म, ड्रेसिंग सेट, सिरिंज, हे आपल्यालाच आणून ठेवावं लागतं, महिन्याला दोन-अडीच हजार वेगळे धरा. आणि हे बघा, रात्री ताप आला तर त्यांना फोन करत बसायचं नाही, हे त्या स्वतःच सांगतात, ताप म्हणजे हॉस्पिटल.

पैशाची ओढ असेल त्यांना एवढंच सांगेन की दर आठवड्याचे ३०० रुपये आम्ही पहिल्यांकडे वाचवले आणि जूनच्या त्या आठ दिवसांचं बिल १ लाख ३८ हजार आलं. पण बिलापेक्षा मला आईचा तो चेहरा आठवतो, नकोच पुढचं म्हणतानाचा.

कोणालाही बोलवा, ओळखीची बोलवा, स्वस्त बोलवा, पण पहिल्या व्हिजिटला समोर बसा आणि बघा. हात धुतले का. औषध वाळू दिलं का. मागच्या वेळची नोंद वाचली का. आणि तुम्ही म्हणालात की पू नाहीये, तर समोरचा निवांत झाला की उलट जास्त सावध झाला. या शेवटच्यावरूनच कळतं.

आता डिसेंबरात रेडिएशन सुरू होणार आहे, १५ दिवसांचं. तिथे परत कातडीच भाजते, घडीत ओलसर सोलते आणि त्या सोललेल्या जागी परत स्टॅफ. न्यूयॉर्कच्या मॉन्टेफिओरे हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये छापलेल्या अभ्यासात, रेडिएशनच्या काळात ठराविक दिवस नाकात म्युपिरोसिन हे जंतू मारणारं मलम आणि क्लोरहेक्सिडिननं आंघोळ असं केलेल्या पेशंटमध्ये कातडी ओली सोलण्याचं प्रमाण खूप कमी झालं होतं. मी ते आमच्या रेडिएशनच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी नीट वाचलं आणि आईचं नाक तपासून ठरवू म्हणालेत. स्वतःच्या मनानं कोणी सुरू करू नका.

गेल्या सोमवारी पिक लाइन निघाली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून सिस्टरनीच घरी काढली, हळूहळू, आईला झोपवून आणि श्वास सोडून धरायला लावून, मग पाच मिनिटं घड्याळ बघत दाबून धरलं, वर हवाबंद ड्रेसिंग. निघालेली नळी पट्टीवर ठेवून लांबी डायरीतल्या पहिल्या पानाशी ताडून बघितली, पूर्ण निघाली ना म्हणून. जुळली. आईनं त्यांना साडी आणून ठेवली होती, ती त्यांनी घेतली, पण आधी परत हात धुऊन आल्या. आणि रेडिएशन चालू असेपर्यंत दर शनिवारी फक्त कातडी बघायला येतील असं ठरलंय, ४०० रुपयांत.